मास्तरांच्या मुलीनं काढलेली चिठ्ठी

निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखीच मतं पडली, की चिठ्ठी टाकतात. दोन कागदांवर दोन नावं लिहायची, घड्या घालून भांड्यात टाकायच्या आणि एखाद्या लहान लेकराला पुढं करून त्यातली एक उचलायला लावायची. लेकरूच का? तर लेकरू अजाण असतं, त्याला आपपर नसतं, त्याच्या हातातून देवच बोलतो, असं मोठी माणसं धरून चालतात. म्हणून त्या चिठ्ठीला नावही ईश्वरचिठ्ठी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी हिवरखेडपासून दोन कोसांवरच्या बेलझरी गावात अशी एक चिठ्ठी निघाली, आणि त्या चिठ्ठीतून खुशालराव निमकर्डे निघाले.

तेव्हा ते नुसते खुशाल होते. जेमतेम तिशी गाठली होती. चिठ्ठीनं पंच झाले, पंचांनी सरपंच केलं. मग पंचायत समिती, जिल्हा परिषद, आमदारकी, आणि एक दिवस दिल्ली. तीनदा खासदार, दोनदा केंद्रात मंत्री. माणसानं कामं केली, हे नाकारता येणार नाही. खारपाणपट्ट्यात जिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे, तिथल्या कितीतरी गावांत त्यांनी नळानं गोडं पाणी आणलं. अकोल्यात खेड्यांतल्या मुलींसाठी वसतिगृह काढलं.

पण ती चिठ्ठी त्यांनी कधी खिशातून खाली ठेवली नाही. पहिल्या पहिल्या सभांत ते हात जोडून म्हणायचे, "मी मतायनं नाई आलो, लेकराच्या हातानं आलो. म्हणून भिऊन वागतो." पुढं पुढं जोडलेले हात सुटले. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांची माणसं एकदा दिल्लीला गेली आणि तीन दिवस त्यांच्या बंगल्याबाहेर बसून परत आली. भेट झाली नाही. वार्ताहरांनी विचारलं तेव्हा खुशालराव म्हणाले, "मला निवडणारा वर बसला आहे. जाब त्याला देईन."

टीव्हीवर ते वाक्य ऐकून अमरावतीच्या एका घरात एका बाईच्या हातातलं ताट कलंडलं होतं. ती बाई म्हणजे सरोजिनी. बेलझरीच्या शाळेतल्या वसंत मास्तरांची मुलगी. चिठ्ठी काढली तेव्हा ती सात वर्षांची होती. आता बावन्न वर्षांची आहे, आणि रोज अमरावतीहून वलगावच्या शाळेत जाऊन तिसरीच्या मुलांना शिकवते.

त्या शाळेत एका शनिवारी सकाळी खुशालरावांचा सचिव योगेश आला. पांढरा शर्ट, दोन फोन, आणि काखेत पुस्तिकांचा गठ्ठा.

"मॅडम, साहेबांची पंचाहत्तरी आहे. पुढच्या रविवारी अकोल्याला सत्कार. तुम्ही फक्त दोन मिनिटं बोलायचं. डोळे बांधले, हात घातला, चिठ्ठी निघाली. बस."

"मला बोलता येत नाही हो सभेत."

"अहो, तीस वर्षं शिकवता आणि बोलता येत नाही म्हणता? साहेबांचा निरोप आहे, मास्तरीणबाईला घेऊनच या." एवढं म्हणून त्यानं एक पुस्तिका तिच्या हातात दिली. "ही जिल्ह्यातल्या शाळाशाळांत वाटणार आहोत. तुम्ही नवव्या पानावर आहात."

तो गेला. पुस्तिका टेबलावर दिसली तशी मुलं जमली. नवव्या पानावर एका मुलीचं चित्र होतं. डोळ्यांवर पट्टी, हात पितळी गडव्यात, आणि वरून ढगातून आलेल्या एका मोठ्या तेजस्वी हातानं तिचं मनगट धरलेलं.

"मॅडम, ह्या तुमी हाय?" आचल नावाच्या मुलीनं विचारलं.

"हो."

"डोये खरंच बांधले होते?"

"खरंच बांधले होते."

"मंग तुमाले कसं समजलं, कोन्ती घ्याची ते?"

सरोजिनी उत्तर देणार तेवढ्यात शिवम मधे पडला. "अव, देवानं धरला नं हात! पाय नं वरतून."

"देवाले थेट गडव्यात हात घालता येत नाई काय?" आचल म्हणाली. "मॅडमले काहून मधात घेतलं?"

वर्ग हसला. मुलानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, येत नसेल तर येत नाही म्हणायचं, हा सरोजिनीचा नोकरीतला पहिल्या दिवसापासूनचा नेम. त्या दिवशी ती म्हणाली, "चला, पाढे काढा." मुलं पाढे म्हणू लागली आणि ती त्या पानावरच्या खालच्या ओळी वाचू लागली.

'दुसऱ्या उमेदवाराच्या मनात खोट होती. देवाच्या दारी खोट लपत नाही. लेकराच्या हातानं देवानं त्याला दूर सारलं.'

नाव दिलेलं नव्हतं. पण तो दुसरा उमेदवार कोण, हे बेलझरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांचं नाव जानराव. ते अजून जिवंत होते, ब्याऐंशी वर्षांचे. आणि त्यांच्या मनात खोट नव्हती. कशी नव्हती, हे जगात एकट्या सरोजिनीला माहीत होतं. आता त्या ओळी गावोगावची मुलं मोठ्यानं वाचणार होती. तिच्या वर्गातलीही.

झालं होतं ते असं.

हरभरा भरात आला होता तेव्हाचे दिवस. जानराव आणि खुशाल, दोघांनाही दोनशे तेरा मतं पडली. तहसीलचे अधिकारी आले. वसंत मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम त्यांच्याकडं. त्यांनी वहीचा एक कागद फाडला आणि मधोमध दुमडून त्याचे दोन तुकडे केले. एका तुकड्याला वहीच्या शिवणीकडची कड आली, दातरी, ओबडधोबड. दुसऱ्याच्या सगळ्या कडा साफ. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही. पण त्यांच्या मांडीला टेकून सरू, म्हणजे छोटी सरोजिनी, बसली होती. सरू नुकती वाचायला शिकली होती, आणि नव्यानं वाचायला शिकलेल्या मुलाच्या नजरेतून या जगातलं एक अक्षर सुटत नाही. दुकानाची पाटी, पिठाची पिशवी, सगळं ते वाचतं. दातऱ्या कागदावर मास्तरांनी 'खुशाल' लिहिलं, ते तिनं मनातल्या मनात वाचलं. साफ कागदावर 'जानराव' लिहिलं, तेही वाचलं.

मग अधिकारी म्हणाले, "एखादं लहान मूल आणा." सगळ्यांनी सरूकडं बोट दाखवलं. मास्तरांची पोरगी, हुशार, चुणचुणीत. चूक झाली ती इथं. अजाण लेकरू हवं होतं आणि गावानं नेमकं वाचता येणारं लेकरू निवडलं. त्या वयाची दुसरी बारा मुलं तिथं विटीदांडूच्या विट्या तासत उभी होती.

कुणाच्या तरी दुपट्ट्यानं तिचे डोळे बांधले. गडवा खळखळ हलवला. तिनं हात घातला. आत दोन चिठ्ठ्या. एक गुळगुळीत, एक दातरी.

खुशाल तिला सायकलच्या दांडीवर बसवून गावभर फिरवायचा आणि "काय मास्तरीणबाई, आज काय शिकवता?" म्हणायचा. आणि जानरावांनी चारच दिवसांपूर्वी तिला त्यांच्या शेतात सोले, हरभऱ्याचे ओले दाणे, खाताना पकडलं होतं, हातातल्या घाट्या हिसकून फेकून दिल्या होत्या आणि साऱ्या बायांदेखत ओरडले होते, "कोनाची पोट्टी हाय थे?" त्या हरभऱ्यावर आदल्या दिवशी विषारी औषध फवारलं होतं, म्हणून ते ओरडले, हे तिला चांगली मोठी झाल्यावर कळलं. सात वर्षांच्या मुलीला ओरडणं तेवढं कळतं.

तिनं गुळगुळीत चिठ्ठी बोटांनी बाजूला सारली आणि दातरी उचलली.

गुलाल उडाला. खुशालनं तिला खांद्यावर घेतलं. ती खूप हसली. आपण काय केलं, हे तिला ठाऊक होतं, पण त्याचं काय होतं, हे ठाऊक नव्हतं.

ते जानरावांना ठाऊक झालं. मतांनी पडलेला माणूस पुन्हा उभा राहतो. देवानं पाडलेला कसा उभा राहणार? आदल्या वर्षी त्यांनी शेताला कुंपण घालताना मारुतीच्या देवळाकडं जाणारी पायवाट बंद केली होती आणि बाजूनं दुसरी काढून दिली होती. लोक म्हणाले, मारुती कोपला. जानरावांनाही ते पटलं. त्यांनी कुंपण काढलं, वाट होती तिथून दिली, वर देवळापुढची जागाही दिली. तरी मनाला थारा मिळेना. गावात तंटा झाला, शाळेची समिती नेमायची झाली, पाण्याच्या टाकीची जागा ठरवायची झाली, की कुणीतरी जानरावांचं नाव काढायचं आणि दुसरं कुणीतरी हळूच म्हणायचं, "राहू द्या. त्यायले देवानंच नाई म्हटलं हाय." हळूहळू नाव निघायचंही थांबलं. जानराव शेत आणि घर एवढंच करू लागले. दर शनिवारी देवळात जाऊन बसायचे. त्यांची बायको मनकर्णा एकदा मास्तरांच्या घरी येऊन म्हणाली होती, "थे तथी बसून आपले गुन्हे मोजतात, बाई. लहानपणी गोफणीनं व्हला पाखरू मारलं होतं, थेबी मोजतात." सरू तेव्हा बारा वर्षांची होती. ती आतल्या खोलीत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

तिनं तेव्हाच का नाही सांगितलं? वडलांची नोकरी जाईल, असं तेव्हा वाटलं. वडील गेले, तोवर तिचं शिक्षण खुशालरावांच्या वसतिगृहात राहून झालं होतं. ज्याचं अन्न खाल्लं त्याच्याविरुद्ध कसं बोलायचं? मग संसार, नोकरी, बदली. न सांगायला रोज एक नवं कारण सापडतं, आणि ते प्रत्येक वेळी खरंच असतं.

रविवारी ती अकोल्याला गेली. सभेआधी योगेशनं तिला विश्रामगृहात साहेबांकडं नेलं. खुशालराव पलंगावर पाय लांब करून बसले होते. पायाला सूज होती. चेहरा थकलेला, पण तिला पाहिलं आणि डोळे तसेच चमकले, सायकलवाल्या खुशालचे.

"ये व, मास्तरीणबाई! केस पिकले तुह्ये? मंग मी तं म्हताराच झालो म्हणा."

"काका, एक विनंती होती." तिनं पिशवीतून पुस्तिका काढली. "या तीन ओळी काढून टाका. जानरावकाका अजून आहेत."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "नाव कुठी हाय याच्यात?"

"नाव लागतं का, काका?"

"अव, हे मी थोडी लिहिलं. हे पोट्टे लिहितात." त्यांनी योगेशकडं पाहिलं. योगेश म्हणाला, "छापून झाल्या साहेब. निम्म्या तर पोचल्या."

"पाय, छापल्या म्हणते." खुशालराव हसले. मग हात पुढं करून त्यांनी तिचा उजवा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला. "ह्या हातापायी मी हाय सरू. दिल्लीत लई लोक होते माह्या वर चढाले. मोठमोठ्या घरायचे, इंग्रजी बोलणारे. मी मनात म्हणो, तुमाले माणसायनं निवडलं, मले देवानं. तेवढ्याच्यावर टिकलो. नाई तं कवाचा घरी येऊन बसलो असतो."

ते खोटं बोलत नव्हते. तिला एकदम कळलं, की या माणसाच्या आयुष्याच्या पायाशी हीच एक वीट आहे, आणि ती तिनंच ठेवलेली आहे. बाहेर ढोल सुरू झाले.

मंडप भरला होता. मोठमोठी माणसं बोलली, हार झाले. मग निवेदकानं तिचं नाव पुकारलं आणि पुस्तिकेतलं चित्र मागच्या पडद्यावर आलं, तो ढगातला हात. सरोजिनी उभी राहिली. पुढच्या रांगांत शाळांमधून आणलेली मुलं बसली होती, हातात पुस्तिका घेऊन. त्यांच्याकडं बघून ती बोलू लागली. मुलांशी बोलायची तिला सवय होती.

"मुलांनो, ते चित्र चुकीचं आहे. वरून कुणाचा हात आला नव्हता. माझे डोळे बांधले होते, पण चिठ्ठ्या लिहिताना मी पाहिल्या होत्या. एका चिठ्ठीची कड दातरी होती. तिच्यावर खुशालकाकांचं नाव होतं. मला वाचता येत होतं. ती चिठ्ठी मी हातानं ओळखून काढली, कारण खुशालकाका मला सायकलवर बसवायचे आणि जानरावकाका शेतातले सोले खाल्ले म्हणून माझ्यावर ओरडले होते. देवानं कुणाला निवडलं नाही आणि कुणाला दूर सारलं नाही. जानरावकाकांच्या मनात खोट नव्हती. खोट होती ती माझ्या हातात. पुस्तकातल्या त्या तीन ओळी खोट्या आहेत."

योगेश व्यासपीठाच्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा. सरोजिनीला छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खुशालराव सुजल्या पायांनी उठले, तिच्याजवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईक आपल्याकडं ओढला. क्षणभर त्यांचा चेहरा तिला अगदी जवळून दिसला. पांढराफटक पडलेला, लहान मुलासारखा भ्यालेला. आणि मग तिच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा पुढाऱ्याचा झाला.

"आयकलं काय बाप्पाहो?" ते म्हणाले. "मी येवढे दिवस म्हणत होतो, देवानं निवडलं. आज समजलं, देव कुठी ऱ्हायते थे. देव लेकराच्या मनात ऱ्हायते! लेकराले फसवता येत नाई. लेकरानं दोन माणसं पाह्यले अन् त्याच्यातला मायेचा वयखला! अरे, मी पोट्टीले सायकलच्या दांडीवर बसवलं, पोट्टीनं मले दिल्लीच्या खुर्चीवर बसवलं!"

मंडप फुटला. टाळ्या, शिट्ट्या, घोषणा. मुलंही टाळ्या वाजवू लागली. कुणी सरोजिनीच्या गळ्यात हार घातला. खुशालरावांचा हात अजून तिच्या डोक्यावर होता.

"कमाल केली मॅडम!" खाली उतरताच योगेश म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत हेच घेऊ."

"आणि त्या तीन ओळी?"

"त्या... बघू की." त्याचा फोन वाजला.

ती रात्री अकोल्यातच राहिली, सोमवारी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं हिवरखेडला गेली. तिथून ऑटोनं बेलझरी. जानरावांच्या घरापुढं ऑटो थांबला तेव्हा ते ओट्यावर बसूनच होते. जवळ त्यांचा नातू अंकुर, हातात फोन. मनकर्णाकाकू दारात. तिला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"दाखवलं यानं," जानराव फोनकडं हात करून म्हणाले. "तीनदा पाह्यलं. लोकायनं टाया काहून वाजवल्या?"

"मी टाळ्यांसाठी बोलले नव्हते, काका."

"थे समजते मले. मी इचारून राह्यलो, टाया कशाच्या? मले पाडलं त्याच्या?"

"आबा, जाऊ द्या नं," अंकुर म्हणाला.

"तू चूप." ते तिच्याकडं वळले. "म्हंजे तुले माह्यं नाव वाचता येत होतं."

"हो."

"अन् हाताले लागलंबी होतं."

"हो, काका. लागलं होतं. मी बाजूला केलं."

"सोल्यापायी?"

"सोल्यांपायी."

जानराव अगदी हळू म्हणाले, "मी सारं आठोलं व. बापाले उलट बोललो थे. भावाच्या वाटणीतलं एक झाड जास्तीचं घेतलं थे. मारुतीची वाट. सारं. पंचेचायीस वर्स याद करून राह्यलो. हे सोल्याचं एक नाई आठोलं. हे गुन्ह्यात धरतात, हेच मले मालूम नव्हतं."

दारातून मनकर्णाकाकू म्हणाल्या, "तवाच सांगाचं नाई काय माय? मी आली होती तुमच्या घरी. तुह्या मायसमोर बसून रडली होती." आवाजात राग होता, आणि तो बरोबर होता. सरोजिनी मान खाली घालून उभी राहिली. माफी मागायचे शब्द तिनं गाडीत जुळवले होते. इथं ते सगळे भुसासारखे उडून गेले. ती नुसती म्हणाली, "सांगायला पाहिजे होतं, काकू. नाही सांगितलं."

जानराव काठी टेकून उठले. "चाल."

"कुठं?"

"पंचायतीवर. तथी लोक बसले असतीन. तथी सांग. बिना माईकचं."

पंचायतीच्या ओसरीवर सात-आठ जण होते. ग्रामसेवक आत कागद लिहीत होता. चंदन नावाचे एक म्हातारे होते, त्या दिवशी गुलाल उधळणाऱ्यांतले. रुख्मिणीबाई होत्या, पंच म्हणून निवडून आलेल्या. सरोजिनीनं पुन्हा सांगितलं. व्यासपीठावर सांगितलं तेवढंच, पण आता एकेका चेहऱ्याकडं बघत. इथं कुणी टाळी वाजवली नाही. चंदन म्हाताऱ्यांनी तंबाखू चोळायची थांबवली.

"काम तं खुशालनंच केलं नं पन," शेवटी ते म्हणाले. "नयाचं पाणी त्यानंच आणलं."

"आणलं," जानराव म्हणाले. "मी कुठी नाई म्हणतो? मी असतो तं आणलं असतं का नसतं, कोनाले ठाव. माह्यं म्हणणं तेवढं नाई."

"मंग काय म्हणणं हाय? आता पुन्हा चिठ्ठी टाकता काय या वयात?"

एकदोघं हसले. जानराव हसले नाहीत. "मारुतीनं मले नाई म्हटलं नव्हतं. तेवढं लिहून घ्या."

ग्रामसेवकानं आतून मान बाहेर काढली. "काका, असं लिहून घेता येत नाही. सभेपुढं विषय यावा लागतो. नोटीस काढावी लागते."

"पुस्तकात लिहिलं तवा कोणती सभा घेतली होती?" रुख्मिणीबाईंनी विचारलं. "दे एक कागद. लिही व सरू, तूच लिही. तुह्या बापाचं अक्षर होतं, तुह्यंबी असंनच."

सरोजिनी ओसरीवर मांडी घालून बसली. अंकुरनं पेन दिला. तिनं लिहिलं, मुलांच्या वहीत लिहिते तसं मोठं, सुटं. 'बेलझरी गावच्या निवडणुकीत चिठ्ठी मी ओळखून काढली. जानराव किसनराव वरोकार यांच्यात कोणतीही खोट नव्हती आणि नाही. देवाने त्यांना नाकारलेले नाही. हे मी सर्वांसमक्ष लिहून देत आहे.' खाली तारीख घातली, सही केली. रुख्मिणीबाईंनी साक्षीदार म्हणून सही केली. चंदन म्हाताऱ्यांनी जरा वेळ लावला, मग पुढं येऊन अंगठा दिला. ग्रामसेवकानं डिंकाची बाटली सरकवली. अंकुरनं कागद सूचना फलकावर चिकटवला, पाणीपट्टीच्या यादीच्या आणि लसीकरणाच्या तारखेच्या मधे.

लोक पांगले. रस्त्यावर हिवरखेडला जाणारा ऑटो येऊन भोंगा वाजवू लागला. "मॅडम, यायचं का? पुढची गाडी दोन तासांनी हाय."

जानराव फलकासमोर उभे होते. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. एक बोट अक्षरांखाली धरून ते वाचत होते, ओठ हलवत. 'जानराव' झालं. 'किसनराव' झालं. 'नाकारलेले नाही' पाशी आले आणि तिथं दोनदा बोट फिरवलं. मग पुढं सरकले. 'सर्वांस' झालं, 'म' झालं, आणि 'क्ष' पाशी बोट अडलं.

भोंगा पुन्हा वाजला. अंकुर शब्द सांगायला पुढं झाला, तशी सरोजिनीनं मान हलवून त्याला थांबवलं. ऑटोवाल्याला हातानं जा म्हटलं. वाचणाऱ्याला घाई करायची नसते. ती जानरावांच्या मागं, जरा अंतरावर, उभी राहिली. त्यांनी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.